अडतीस सेकंद

सुई ते कधी तोंडात धरत नसत. कॉलरच्या आतल्या बाजूला टोचून ठेवत.

रस्ता ओलांडायला थांबावं लागलं की आधी मनगटावरचं घड्याळ थांबवत, मग स्वतः थांबत. भाजी आणायला निघालेले असले तरी.

अंतर मिनिटांत सांगत. पोस्ट ऑफिस सात मिनिटं, दवाखाना अकरा. ही मिनिटं धावण्याची आहेत हे विचारणाऱ्याला ठाऊक नसे. तो बिचारा अर्ध्या तासानं दवाखान्यात पोहोचे, आणि आजारी नसला तर तोवर झालेला असे.

केळं घरूनच सोलून आणत, ओल्या फडक्यात गुंडाळून. याला कारण होतं, ते पुढे सांगते.

दुकानाच्या खिडकीतून उन्हाचा एक चौकोन आत येई. तो सरके तसं ते स्टूल सरकवत. सकाळी दहाला कपाटाशी, दुपारी तीनला इस्त्रीच्या टेबलाशी. काका कुठे बसलेत ते पाहून मी वेळ सांगायचे.

दुकान ड्राय-क्लीनिंगचं. साहित्यात एम.ए. करून मी तिथे काउंटरवर पावत्या लिहीत होते. काका मागच्या खोलीत रफू करत. मला ते ‘एमे’ म्हणत. पहिल्या दिवशी माझं शिक्षण विचारलं, मी सांगितलं, आणि नाव तेच पडलं.

“एमे, एवढी पुस्तकं वाचलीस, त्यात रफूगार कुठे भेटला का?”

मी आठवून पाहिलं. नाही म्हटलं.

“मग बरोबर आहे. दिसला तर तो रफूगार कसला.”

कोटाला भोक पडलं की ते त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढत. आधी उभे धागे भरायचे, मग त्यांच्या खालून-वरून एकेक आडवा. कापडाची वीण जशी असेल तशीच. काम संपलं की गिऱ्हाईक कोट उलटासुलटा करून विचारी, “भोक कुठे होतं हो?” काका बोट दाखवत नसत. “तुम्हीच शोधा,” म्हणत. गिऱ्हाइकाला सापडलं नाही की तो दिवस त्यांचा चांगला जाई.

धावायला लागले ते चव्वेचाळिसाव्या वर्षी. डॉक्टरांनी साखर वाढली म्हणून चालायला सांगितलं होतं. चालण्याचा कंटाळा येतो, म्हणून धावले. पहिली शर्यत दहा किलोमीटरची होती. कॅनव्हासचे बूट घालून गेले आणि शेवटून चौथे आले. दुसऱ्या शर्यतीत वाट चुकले. पुढच्या माणसाच्या मागे मागे जात राहिले, आणि तो माणूस शर्यत सोडून आपल्या घरी चालला होता. त्याच्या दारात पोहोचल्यावर त्यानं वळून विचारलं, “आपण कोण?”

ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत. वर म्हणत, “पाणी मात्र चांगलं थंड दिलं त्यानं.”

मग हाफ मॅरेथॉन झाल्या, मग पूर्ण. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. पायाची चार नखं कायमची जांभळी झाली. काकू एका पाळणाघरात काम करायच्या. दिवसभर पोरं सांभाळून आलेल्या असत, आणि घरात हे गृहस्थ बर्फाच्या पाण्यात पाय बुडवून बसलेले.

“धावून धावून पोहोचता कुठे? परत घरीच ना?”

“लवकर पोहोचतो.”

“लवकर येऊन काय दिवे लावता? पाय तर बादलीत.”

असं म्हणायच्या आणि बादलीतलं पाणी बदलून द्यायच्या. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी बनियनला नंबराचा कागद लावायचं काम त्यांचंच. चार कोपऱ्यांना चार पिना. नवरा सुईतला कसबी, पण पिना त्या लावायच्या. वाकड्या लावायच्या आणि ते तसंच धावायचे.

काकांना एकच गोष्ट हवी होती. चार तासांच्या आत एकदा मॅरेथॉन संपवायची. हल्ली प्रत्येक शर्यतीचे निकाल फोनवर येतात. नाव टाकलं की वेळ दिसते. कोणाचंही नाव, कुठलंही वर्ष. काकांच्या नावापुढे सात मॅरेथॉन होत्या आणि सातही आकडे चारानं सुरू होत होते.

“तीनानं सुरू होणारा एक आकडा यावा,” ते म्हणायचे. “जन्मभर जे केलं ते कोणाला दिसू नये म्हणून केलं. एक गोष्ट दिसावी की.”

त्यातली सहावी मॅरेथॉन चार तास आणि अडतीस सेकंदांची. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. तेहतीस किलोमीटरला त्यांनी टेबलावरचं केळं उचललं. बोटं बधिर झाली होती. साल निघेना. दातांनी धरून पाहिलं, निघेना. ते तिथे उभे राहिले आणि सोलत बसले. एका झटक्यात सुई ओवणारा माणूस. घड्याळ त्या दिवशी थांबवता येत नव्हतं.

“माकडालाही येतं हो ते,” काकू म्हणाल्या. मग दोन दिवस त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. त्यावरून त्यांना किती लागलंय ते कळलं.

पहाटे बरोबर धावणाऱ्या मंडळींनी त्यांचं नावच ‘अडतीस’ ठेवलं. “काय अडतीस, आज किती?” काका हसत. घरून केळं सोलून न्यायला तेव्हापासून सुरुवात झाली.

त्या मंडळींत आमचे मालकही होते. मालक छप्पन्न वर्षांचे, काकांपेक्षा एकानं मोठे. काकांचं पाहूनच धावायला लागलेले. बूट मात्र त्यांचे दर चार महिन्यांनी नवे. माणूस तसा वाईट नव्हता. मला कधी आवाज चढवून बोलले नाहीत. परदेशातल्या एका मोठ्या शर्यतीला जायचं असं त्यांनी मनात घेतलं होतं. तिथे नुसते पैसे भरून प्रवेश मिळत नाही. त्यांच्या वयाच्या माणसाला आधी कुठेतरी चार तासांच्या आत धावून दाखवावं लागतं. मालकांना पावणेपाच लागत. पण जाणार असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. व्याह्यांनासुद्धा.

आमच्या शर्यतीला आठ दिवस राहिले असताना मालक मागच्या खोलीत गेले. मधला पडदा पातळ होता. मी पावत्या लावत होते.

“नवीन स्टीम मशीन येतंय,” मालक म्हणाले. “खिडकीत बसवावं म्हणतो.”

“खिडकीत उजेड असतो, मालक.”

“ते आहेच. पण नळ तिकडेच आहे ना.”

“ट्यूबलाइटखाली काळ्यावर काळा धागा दिसत नाही. माझं काम संपलंच म्हणा मग.”

“अहो, संपलं काय. बघू काहीतरी. नळ इकडे आणता येईल म्हणा. खर्च आहे, पण येईल.”

इस्त्रीची वाफ सुटल्याचा आवाज आला.

“अडतीस, एक काम होतं.”

मग मालकांनी ते सांगितलं. रविवारी काकांनी मालकांचा नंबर लावून धावायचं. नंबराच्या कागदामागे एक चिप असते. धावणारा कोण आहे ते तिला कळत नाही. कागद ज्याच्या नावाचा, वेळ त्याची.

“माझा नंबर आलाय, मालक. घरात आहे.”

“तुमचं काय हो, तुम्ही पुढच्या वर्षीही धावाल. माझं वर्ष हेच आहे. पुढे गुडघा साथ देईल असं वाटत नाही.”

काकांनी सुईत धागा ओवायला घेतला.

“आणि एक. तीन एकोणसाठ नको. काठावरच्या लोकांना ते निवडत नाहीत. तीन छप्पन्न करा. जमेल तुम्हाला.”

मालक गेले. मी पडदा बाजूला करून आत गेले. काका स्टूलावर होते. ऊन सरकून पुढे गेलं होतं, स्टूल मागेच होतं.

“हो म्हणालात?”

“खिडकी राहील,” ते म्हणाले.

“आणि तुमचा तीनाचा आकडा?”

“पाय तर माझेच असणार ना. मला कळेल.” मग म्हणाले, “एमे, काकूला बोलायचं नाही. तिनं आत्तापासूनच पिना काढून ठेवल्यात.”

मी बोलले नाही.

रविवारी सकाळी साडेपाचला ते आणि मी मैदानाच्या कोपऱ्यात भेटलो. काकू फिनिशपाशी जागा धरायला गेल्या होत्या. काकांनी स्वेटर काढलं. आत काकूंनी लावलेला नंबर होता, डाव्या बाजूला थोडा वर चढलेला. त्यांनी चारही पिना काढल्या. मला वाटलं, कागद खिशात ठेवतील. पण खिशात ठेवला तर दोन्ही चिपा वाजल्या असत्या. त्यांनी तो घडी न घालता माझ्याकडे दिला.

“मळवू नकोस.”

मग मालकांचा नंबर. त्याच पिना मीच लावल्या. कागदाच्या मागे छापलेलं होतं: नाव, वय, रक्तगट, तातडीच्या वेळी कोणाला कळवायचं तो फोन. मी ते वाचलं. वाचून पिना लावल्या. मला वाचायचं शिक्षण आहे. त्या वेळी त्याचा काही उपयोग झाला नाही.

“सरळ लावल्यास,” ते खाली बघून म्हणाले. “सवय नाही.”

ओल्या फडक्यातलं केळं कमरेच्या पट्ट्यात होतं. ते गेले.

फिनिशपाशी काकूंनी कठड्याची जागा मिळवली होती. हातात पाळणाघरातलं मोठं घड्याळ, पोरांच्या झोपेच्या वेळा लावायचं. मी फोनवर बघत होते. मालकांचा नंबर टाकून.

“कुठवर आलेत?”

“दहा झाले.”

“एकवीस झाले.”

“तीस झाले, काकू. छान चाललंय.”

खरंच छान चाललं होतं. प्रत्येक किलोमीटर सारखा, त्यांच्या टाक्यांसारखा. चाळीस किलोमीटरची वेळ आली: तीन तास चव्वेचाळीस मिनिटं. मी ती काकूंना वाचून दाखवली. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

“म्हणजे बारा मिनिटं. म्हणजे तीन छप्पन्न.” त्यांनी माझा दंड धरला. “अगं, जमतंय की माणसाला.”

मी हो म्हटलं.

बारा मिनिटं झाली. लोक येत होते. कोणी रडत, कोणी हात वर करून. तीन अठ्ठावन्न. तीन एकोणसाठ. चार तासांचा वेग लावून देणारा, झेंडा घेतलेला माणूस आमच्या समोरून गेला.

“केळं सोलत उभे असतील,” काकू म्हणाल्या.

शेजारची बाई हसली. काकूही हसल्या. मग घड्याळ पदराआड धरलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं नाही.

चाळीसच्या पाटीनंतर साधारण सातशे मीटरवर ते पडले होते. हे सगळं नंतर कळलं. तिथल्या स्वयंसेवकानं कागद उलटा करून मागचा फोन लावला. तो मालकांच्या घरी वाजला. मालकीणबाईंनी घेतला. तुमच्या यजमानांना चक्कर आली आहे, असं तो म्हणाला. यजमान समोर बसून पेपर वाचत होते. दुपारपर्यंत बाहेर पडायचं नाही असं त्यांचं ठरलं होतं. मालकीणबाईंना काहीच माहीत नव्हतं. हल्ली असले फसवणुकीचे फोन येतात, म्हणून त्यांनी खाली ठेवला.

दुसरा फोन हॉस्पिटलमधून आला. तो मालकांनी घेतला. तुम्ही कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, “भाऊ.”

मग ते बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनी सांगितलं नाही. हॉस्पिटलचा फोन आठ मिनिटं कमी साडेदहाला गेला होता. मला त्यांचा फोन आला तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

“एमे,” ते म्हणाले. त्यांनी मला कधी एमे म्हटलं नव्हतं. “वहिनींना हॉस्पिटलमध्ये घेऊन ये. पण काही बोलू नकोस.”

हॉस्पिटलच्या खिडकीवर एक तरुण कारकून होता. काकूंनी काकांचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. त्यानं यादी बघितली.

“असं कोणी आलेलं नाही.”

“धावण्याच्या शर्यतीतले,” काकू म्हणाल्या. “उंच आहेत. केस पांढरे.”

“शर्यतीतले तिघे आहेत. त्यात हे नाव नाही, आजी. दुसऱ्या हॉस्पिटलला बघा.”

काकूंचा चेहरा सैलावला. मला म्हणाल्या, “नाहीत गं इथे. चुकून कळवलं असेल त्यांनी. चल, तिकडे येऊन शोधत बसले असतील आपल्याला.”

त्या वळल्यासुद्धा.

मग मी मालकांचं नाव सांगितलं.

“हां, हे आहेत,” कारकून म्हणाला. “तुम्ही यांच्या कोण?”

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला त्या वेळी एक वाक्य बोलता यायला हवं होतं. आलं नाही. मी पिशवीतून त्यांनी लावलेला नंबर काढला आणि त्यांच्या हातात दिला. मळला नव्हता.

आम्ही वर गेलो तेव्हा त्यांना जाऊन वीस मिनिटं झाली होती. मधे थोडे शुद्धीवर आले होते, नर्स म्हणाली. कोणीतरी नाव घेऊन हाका मारल्या तर ओ देतात का, म्हणून त्यांनी मारून पाहिल्या. ओ दिली नाही.

“कुठलं नाव?” काकूंनी विचारलं.

नर्सनं कागदावरचं नाव सांगितलं.

काकूंनी डॉक्टरांना तीनदा विचारलं. रक्तगट चुकीचा होता, त्यानं काही झालं का? मी आधी आले असते तर? डॉक्टर तिन्ही वेळा म्हणाले, त्यानं काही फरक पडला नसता. शांतपणे म्हणाले. कदाचित खरंही असेल. तीन छप्पन्नचं डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. स्वतःसाठी ते तीन एकोणसाठ धावणार होते. तीन मिनिटं मालकांसाठी जास्तीची होती. ती तीन मिनिटं मी काकूंना अजून सांगितलेली नाहीत.

दोन दिवसांनी निकाल लागला. मालकांच्या नावापुढे ‘अपूर्ण’. काकांच्या नावापुढे ‘सुरुवात केली नाही’.

मी आयोजकांना पत्र लिहिलं. दोन पानं. काय झालं ते सगळं, आणि चाळीस किलोमीटरपर्यंतची वेळ तरी त्यांच्या नावावर लिहावी अशी विनंती. उत्तर चार ओळींचं आलं. आयोजकांना दुःख झालं होतं. नंबरांची अदलाबदल नियमाविरुद्ध असल्यामुळे दोन्ही नावं यादीतून काढण्यात येत होती.

ती काढली. आता तुम्ही नाव टाकलंत तर त्या वर्षापुढे काहीच येत नाही. रफू बेमालूम झालं आहे. आयुष्यात मी लिहिलेलं ते पहिलं पत्र, ज्याचा काही परिणाम झाला.

मालक भेटायला गेले होते. काकूंनी दार उघडलं, पाणी दिलं. मालक म्हणाले, “वहिनी, मला काय कल्पना.”

“बूट कितीचे?” काकूंनी विचारलं.

“काय?”

“तुमच्या पायात आहेत ते. चांगले दिसतात. ह्यांचे तळ गेले होते.”

मालकांनी पाणी अर्धं टाकलं आणि निघाले. खाली उतरताना मी त्यांना जिन्यात पाहिलं. एकेक पायरी, कठडा धरून. गुडघ्याचं ते खोटं बोलत नव्हते.

बाराव्या दिवशी स्टीम मशीन आलं. खिडकीतच बसवलं. नळ तिकडेच होता.

काकू काकांचं सामान न्यायला आल्या. कात्री, सुयांची डबी, भिंग, स्टूल. स्टूल दुकानाचं आहे असं इस्त्रीवाला म्हणाला, मग गप्प झाला. खुंटीवर एक राखाडी लोकरीचा कोट होता. त्यावर माझ्याच अक्षरातली पावती टोचलेली होती. मालकांचा कोट. परदेशात थंडी असते म्हणून काढलेला, डाव्या कोपराला कसर लागलेली. काकांनी तो शनिवारी दुपारी हातात घेतला होता. तीन वाजता ऊन इस्त्रीच्या टेबलाशी आलं तेव्हा म्हणाले होते, “सोमवारी पुरा करतो. आज पायांना विश्रांती द्यायची.”

मालकांनी बाहेरच्या एका रफूगाराला बोलावलं होतं. त्यानं कोट बघितला आणि परत खुंटीला लावला. म्हणाला, दुसऱ्याच्या हातावर मी हात चालवत नाही. पुरा करायचा तर आधी हे सगळं उसवावं लागेल. मालक उसवा म्हणाले नाहीत. राहू द्या असंही म्हणाले नाहीत. कोट तिथेच राहिला.

काकूंनी बाही उलटी करून कोपर उजेडाकडे धरलं. उजेड फारसा नव्हता, मशीन आड येत होतं. त्यांनी डोळ्यांजवळ नेलं. नाण्याएवढं भोक. उभे धागे सगळे भरलेले. आडवे निम्म्यापर्यंत आलेले, एकही वाकडा नाही. निम्म्याच्या पुढे नुसते उभे धागे, आणि त्यांच्यातून पलीकडचं दिसत होतं. शेवटचा आडवा धागा चार उभ्यांच्या खालून-वरून गेला होता, पाचव्याखाली सुई तशीच होती.